सात लाल वर्तुळं

मार्च संपत आला की आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षा लागतात आणि उस्मानपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगीत पाण्याची बोंब सुरू होते. नळ कधी येईल याचा नेम नसतो. आला की जिन्यातून बादल्यांचा आवाज सुरू होतो आणि मीही माझा निळा ड्रम भरून घेते. समोरच्या वहिनी दरवर्षी न चुकता म्हणतात, "तुमचं बरंय मॅडम, एकटीला असं किती लागतं?" दुधाबद्दल, गॅसबद्दल, अगदी कांद्यांबद्दलही लोक मला हेच म्हणतात. एकटीला किती लागतं याचा हिशोब सगळ्यांनी परस्पर करून टाकलेला आहे. मी हसते आणि ड्रमवर झाकण ठेवते.

त्या ड्रममधलं पेलाभर पाणी मी दरवर्षी कॉलेजात नेते. प्रयोगशाळेच्या खिडकीत सावलीला एक काचेची बशी ठेवते, तीत ते पाणी शिळं होऊ देते, मग एका जुन्या डबीतली चिमूटभर पूड त्यावर सोडते. पूड म्हणजे खसखशीएवढे पिवळट तपकिरी दाणे. आठवड्याभरात त्यातले काही फुटतात आणि बशीच्या तळाला पांढुरका ठिपका धरतो. तो ठिपका म्हणजे स्पंज, जिवंत. पोरं सूक्ष्मदर्शकातून बघतात, "भारी आहे मॅडम" म्हणतात आणि लगेच विचारतात, "परीक्षेला येईल का हे?" गेल्या वर्षी तीनच दाणे फुटले होते. यंदा दहा दिवस झाले, बारा झाले, बशीत काही नाही.

हे दाणे आमच्या गावच्या बारवेतले आहेत आणि ते माझ्याकडे कसे आले त्याची गोष्ट माझ्या बापाची आहे. बारा वर्षांपूर्वी असेच बारवेचं पाणी उतरायचे दिवस होते. तेव्हा मी त्याला चारचौघांत टाकून बोलले. त्यानंतर तो पुन्हा कधी या शहरात आला नाही. मागच्या मार्गशीर्षात तो गेला. पाणी उतरायला लागलं की एकच प्रश्न माझ्या डोक्यात येऊन बसतो. आप्पा माझ्यावर रागावूनच गेले का?

आमच्याकडे समुद्र नाही. मी पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा तिशी उलटली होती आणि तोही एका चर्चासत्राच्या निमित्तानं, जेवणाच्या सुट्टीत. पण स्पंज मी चालायला शिकल्यापासून बघत होते. आमचं गाव खुलताबादच्या पलीकडे, डोंगर उतरून गेलं की. गावाबाहेर दगडी पायऱ्यांची बारव आहे. त्या पायऱ्यांच्या उभ्या अंगाला, सावलीच्या बाजूनं, पाण्याखाली हिरवट खरबरीत साल धरायची. खरवडली की उग्र वास यायचा. बाया त्याला शेवाळ म्हणायच्या, आप्पा "दगडाची खरूज" म्हणायचे. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना एक चित्र बघितलं आणि मला तो वास आला. पुस्तकाला वास नसतो, पण मला आला. हे शेवाळ नव्हतं, जनावर होतं.

जनावर म्हणायला त्याच्याकडे काही नाही. तोंड नाही, पोट नाही, काळीज नाही, मेंदूचं तर नावच नको. नुसती भोकं. एका बाजूनं पाणी आत घ्यायचं, त्यातलं बारीकसारीक खायचं, दुसरीकडून सोडून द्यायचं. पाणी ओढणाऱ्या पेशींना चाबकासारखा एकेक केस असतो आणि त्याच्याभोवती कॉलर. गंमत अशी, की अगदी तसाच केस आणि तशीच कॉलर असलेले एकपेशी जीव आजही पाण्यात एकेकटे हिंडतात. म्हणून जगभरची शहाणी माणसं समुद्रातले स्पंज घेऊन बसली आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी एकेकट्या पेशी एकत्र कशा आल्या, एकमेकींना धरून कशा राहिल्या, प्राणी नावाचा संसार कसा सुरू झाला, हे त्यांना यातून उकलायचं आहे. स्पंजाची जनुकं वाचली तर पेशींना पेशी चिकटवून ठेवणारं पुष्कळसं सामान आपलंच निघतं. मज्जातंतू नाहीत, पण त्यांना लागणारे काही सुटे भाग आहेत. घर बांधलेलं नाही, पण विटा येऊन पडलेल्या आहेत. सगळ्यात आधी स्पंज की दुसरं कुणी, यावरून त्या शहाण्या माणसांत अजून भांडणं चालू आहेत. ती मिटतील तेव्हा मिटोत.

मला यातलं एकच टोक हवं होतं. समुद्राला पाणी कमी पडत नाही, आमच्या बारवेला पडतं. दरवर्षी चैत्र-वैशाखात पायऱ्या एकेक करून उघड्या पडतात, ती हिरवी साल उन्हात वाळते, करपते, आणि पुढच्या वर्षी पाणी चढलं की पुन्हा असते. ती मरते कशी आणि राहते कशी, हे मला पायरीवरच, जागच्या जागी, आठवड्याला मोजून बघायचं होतं. पीएचडीचा विषय मंजूर झाला तेव्हा आमचे सर म्हणाले, "गावातच प्रयोगशाळा आहे तुझ्या, नशीबवान आहेस." तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

मोजायचं तर खुणा हव्यात, पाण्याखाली टिकणाऱ्या. घरात रंग एकच होता, आप्पांचा. आमची मेंढरं. दर घराच्या मेंढरांना त्या घराचा रंग असतो, आमचा लाल, उजव्या मांडीवर. डालड्याच्या डब्यात तेलाचा रंग, त्यात कडुलिंबाच्या काडीला चिंधी बांधून केलेला कुंचला. दोन खांडं, म्हणजे कळप, पाण्यावर एकमेकांत मिसळली तरी रंगावरून आपली ओळखू येतात. आप्पा मेंढरू विकायचे तेव्हा आधी रंगाची लोकर कातरून घ्यायचे, मगच गिऱ्हाइकाच्या हातात दोरी द्यायचे. रंग अंगावर असेपर्यंत जनावर आपलं, त्याच्या चाऱ्यापाण्याची चिंता आपली. हे मला लहानपणापासून पाठ होतं, आणि ते ऐन वेळी मला आठवलं नाही याची शरम अजून जात नाही.

दिवाळीनंतर वरच्या पायऱ्या उघड्या पडल्या तशी मी पाण्याच्या कडेकडेनं, सालीच्या सात तुकड्यांभोवती सात लाल वर्तुळं काढली. जे तुकडे पाण्यात होते त्यांच्याभोवती पाणी आणखी उतरल्यावर; झऱ्याच्या पाझरानं तो दगड फाल्गुनापर्यंत ओला असायचा. बाजूला नंबर घातले. दोनच आठवड्यांत चार नंबरला कुणी तरी हळदकुंकू वाहिलं. बारवेत लाल गोल दिसला तर हात जोडायचे नाहीत तर काय करायचं? शेजारच्या चंद्रभागा काकूला मी विचारलं तर ती म्हणाली, "मीच वाह्यलं. देव कोनता हाय ते ठावं नाय, पन नंबर घातलाय म्हंजी सरकारी आसंल." मी कपाळावर हात मारला. आप्पा वरच्या पायरीवर घोंगडं टाकून बसले होते, ते पोट धरून हसले. आप्पांना मोठ्यानं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

दर रविवारी मी पहिल्या गाडीनं गावाला यायचे. मी खाली पट्टी आणि वही घेऊन बसायचे, आप्पा वरच्या पायरीवर. आई मी शाळेत असतानाच गेलेली, त्यामुळे आमच्या दोघांत बोलणं कमीच. बायकांनी बोलायच्या गोष्टी आम्ही टाळायचो आणि पुरुषांनी बोलायच्या गोष्टी त्यांना माझ्याशी बोलता यायच्या नाहीत. पण त्या हिवाळ्यात बारवेनं आम्हाला एक विषय दिला. "तीन नंबर वाढला का गं?" असं ते वरून विचारायचे. "दोन मिलीमीटर," मी म्हणायचे. "म्हंजी किती?" "ज्वारीच्या दाण्यापेक्षा कमी." "हळूच वाढतंय बिचारं," म्हणून ते तंबाखू मळायचे. माझ्या संशोधनाविषयी इतक्या आस्थेनं पुन्हा कुणी विचारलं नाही.

एकदा त्यांना स्पंजाची करामत दाखवावी असं मला वाटलं. स्पंज बारीक कापडातून पिळून काढला तर त्याच्या पेशी सुट्या होतात आणि पाण्यात सोडल्या की पुन्हा एकमेकींना शोधून चिकटतात. हा प्रयोग फार जुना आहे. त्याला लागणारं रेशमी कापड मागवायला वेळ जाणार होता, म्हणून मी औरंगपुऱ्यात गेले आणि एका बोळातल्या दुकानात सगळ्यात बारीक जाळीचं कापड मागितलं. दुकानदार चाचांनी ठाण उलगडत विचारलं, "शादी का काम है क्या, बाजी?" मी म्हटलं, "नहीं, एक जानवर छानने का है." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि वीतभर कापड फुकट देऊन टाकलं, बहुधा मी लवकर जावं म्हणून.

त्या रविवारी ओट्यावर स्टीलच्या वाटीत मी वर्तुळाबाहेरची चिमूटभर साल घेतली, कापडात बांधली, पिळली. पाणी गढूळ हिरवं झालं. आप्पा म्हणाले, "मारलंस की." मी त्यांच्या हातात भिंग दिलं आणि थांबायला सांगितलं. बऱ्याच वेळानं वाटीच्या तळाला कणाकणांचे पुंजके व्हायला लागले. आप्पा भिंगावरून मान उचलेनात. मग म्हणाले, "वादळात खांड फुटलं की मेंढरं आसंच करत्यात. कुनी आरोळी द्याया लागत नाय. हळूहळू येकाला येक लागत्यात." भिंग खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आन जे घावत नाय त्याचं?" मी सांगितलं, एकटी राहिलेली पेशी फार दिवस टिकत नाही. त्यांनी मान हलवली आणि वाटी हलू नये म्हणून ती अलगद भिंतीकडेला सरकवून ठेवली. पुढचे दोन दिवस ती वाटी कुणाला हलवू दिली नाही, असं काकूनं नंतर सांगितलं.

फाल्गुन सरला आणि पाणी भराभर उतरायला लागलं. माझ्या कामाचा गाभा आता सुरू होणार होता, आणि नेमकी विद्यापीठात परीक्षांच्या सुपरव्हिजनला मी अडकले. सलग तीन रविवार गेले नाही. मला घाई नव्हती. वाळणं ही चार दिवसांची गोष्ट नसते, करपलेली साल जागेवरच असणार होती, शेवटची मापं आणि छायाचित्रं मी चौथ्या रविवारी घेणार होते. आप्पांना यातलं काही सांगावं असं मला सुचलं नाही. शनिवारी दुपारी मी विभागाच्या जिन्यात दोन मैत्रिणींशी बोलत उभी होते. समोरून आप्पा आले. खांद्यावर ओलं पोतं, हातात भाकरीचं फडकं, आणि असा वास, की जिन्यातली पोरं बाजूला झाली.

"काय आणलंत?"

"तुझी जित्राबं. पानी पार तळाला गेलं माय. करपाया लागली व्हती. म्हनलं इथं नळ हाय." त्यांनी पोतं उघडून दाखवलं. लोकरीच्या कातरीनं त्यांनी सातही वर्तुळांतली साल दगडापर्यंत खरवडून आणली होती. एसटीत वासामुळं कंडक्टरनं त्यांना पार मागं बसवलं होतं. खुलताबादच्या स्टँडवर उतरून त्यांनी पोत्यावर पाणी मारलं होतं, आणि पुन्हा वाटेत, आपल्या पिण्याच्या बाटलीतलं.

माझे पाच महिने त्या पोत्यात होते. मी म्हणाले, "मला तेच बघायचं होतं. करपताना बघायचं होतं."

त्यांना कळेना. "मराया सोडाची व्हती?"

"हो."

"आसं कसं," ते म्हणाले. "रंग आपला व्हता ना त्येला. रंगाचं जनावर माघं ठिवून कसं यावं?"

तेव्हा मी ते वाक्य बोलले. "तुम्हाला काय कळतं त्यातलं? मेंढरं राखा तुम्ही, माझ्या कामात पडू नका." आवाज चढला होता. जिन्यात आवाज घुमतो. मैत्रिणी भिंतीकडे बघायला लागल्या. आप्पांनी पोतं जिन्याखाली सावलीत नेऊन ठेवलं, बाटलीत उरलेलं पाणी त्यावर शिंपडलं, भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "दुपारची गाडी कितीला हाय?" मी सांगितलं. ते गेले. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

तो उन्हाळा मी हॉस्टेलवर काढला. मेस बंद, कॉरिडॉरमध्ये पंख्यांचे आवाज नाहीत, पूर्ण मजल्यावर मी आणि खालच्या मजल्यावर वॉचमनची बायको. पोतं मी रागानं विभागाच्या गच्चीवर नेऊन टाकलं होतं, ते तिथंच वाळलं. गावाला गेले नाही. मला राग आला होता हे खरं, पण जूनपर्यंत राग टिकत नाही, त्याखाली जे असतं ते टिकतं. मला भीती वाटत होती. मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवत होतं, आणि आप्पांनाही ते आठवत असणार होतं.

जुलैत सरांनी पोतं कुठं आहे विचारलं. वाळून त्याचा चुरा झाला होता. सरांनी चिमूट हातावर घेतली, उजेडात धरली आणि मला म्हणाले, "डोळे कुठं आहेत तुझे?" चुऱ्यात दाणेच दाणे होते. पाणी आटायला लागलं की स्पंज मरण्याआधी आपल्यातल्या निवडक पेशी कवचात बंद करून ठेवतो. पुस्तकात त्याला जेम्यूल म्हणतात. ते दाणे उन्हाला दाद देत नाहीत, वर्षानुवर्षं कोरडे पडून राहतात आणि पाणी मिळालं की फुटतात. आम्ही बशी मांडली. सहाव्या दिवशी पहिला ठिपका दिसला. पुढं माझा अख्खा प्रबंध त्या पोत्यावर उभा राहिला. दाणे, त्यांचं फुटणं, सुट्या पेशींचं पुन्हा एकत्र येणं. पायरीवरच्या मोजमापातून यातलं निम्मंही निघालं नसतं, असं सर म्हणाले.

पदवी मिळाली तेव्हा पेढे घेऊन गावाला गेले. आप्पांना सांगितलं, "तुम्ही आणलेल्या पोत्यामुळं झालं." ते म्हणाले, "बरं झालं," आणि पेढा काकूकडं पाठवला. "चुकलं माझं" हे दोन शब्द मी गाडीत बसल्यापासून जुळवत होते. ते राहिले. पुढच्या खेपेला म्हणू असं ठरवलं, आणि पुढच्या खेपेलाही तेच ठरवलं. आपल्याकडं बापलेकींत माफी मागायची पद्धतच नाही, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. पद्धत नव्हती हे खरं आहे. पण मीही घाबरट होते.

नोकरी लागली, उस्मानपुऱ्यात दोन खोल्या घेतल्या. आप्पांना म्हटलं, येऊन राहा. "मेंढरं कोन बगल?" मेंढरं कमी होत होत पाचावर आली, तरी उत्तर तेच. मी लग्न केलं नाही. त्याची काही मोठी कथा नाही, राहून गेलं. सणाला मी जायचे, दोन दिवस राहायचे, तिसऱ्या दिवशी कंटाळून परत यायचे आणि इथं येऊन कुलूप उघडलं की तिथलाच ओटा आठवायचा. शहरात आता मला सगळे ओळखतात. दूधवाला, रिक्षावाले, पेपर तपासायला बोलावणारे. यातलं कुणी मी आठ दिवस दिसले नाही तर शोधत येईल का, असं एकदा मोजायला बसले होते. मग उठून कुकर लावला.

आप्पा गेले त्यानंतर घर बंद होतं. यंदा बशीत दाणे फुटले नाहीत, डबीत आता बोटाला लागेल एवढीच पूड उरली, तेव्हा मागच्या रविवारी उठले आणि पहिली गाडी धरली. घराच्या किल्लीसाठी काकूकडं थांबले, आणि चहा व्हायच्या आत बारवेकडं निघाले. बारा वर्षांत मी बारवेत उतरले नव्हते. पाणी पार खाली होतं. मी उतरत गेले आणि आठव्या पायरीपाशी थबकले. वर्तुळं होती. सातच्या सात, लाल. तेलाचा रंग पाण्याखाली बारा वर्षं असा लालभडक राहत नाही, दोनही राहत नाही. आकडेही होते, पण ते माझे नव्हते. माझा चार मोकळ्या तोंडाचा असतो. हा चार एखाद्यानं बघून बघून काढलेल्या चित्रासारखा होता. आप्पांना लिहिता येत नव्हतं.

काकू माझ्यामागं वरपर्यंत आली होती. गुडघ्यांमुळं ती खाली उतरत नाही. तिथूनच म्हणाली, "तुझा बाप रंगवायचा. दरसाल. पानी उतारलं की डबा घिऊन यायचा."

"कशाला?"

"मी बी तेच इचारलं. तर म्हनला, म्या जित्राबं हलवली, पन जागा तिची हाय. माघारी आली तर तिला घावाया पायजे. मागल्या साली तर उभं ऱ्हावत नव्हतं, बसत बसत उतारला येकेक पायरी. म्या म्हनलं, आप्पा, पडशान. आयकतोय व्हय?"

 मग काकूच पुढं म्हणाली, "दोन साल झालं, म्हनला जित्राबं आल्यात. तीन नंबरात आल्यात. सुमनला फोन लाव म्हनला. नंबर काढून दिला तर म्हनतो, ऱ्हाऊ दे, तिला काम आसंल."

मी खाली बसले आणि तीन नंबरच्या वर्तुळात बघितलं. दगडाच्या फटीत तळहाताएवढी साल वाळून धरली होती, राखाडी, खरबरीत. भिंग लावलं. दाणे होते, भरपूर. दोन वर्षं ती तिथं येत होती, आणि मी तिथून तासाभराच्या वाटेवर शिळ्या दाण्यांना पाणी घालत बसले होते. मला रडू आलं. काकूनं वरून विचारलं नाही काय झालं म्हणून, हे तिचे उपकार.

निघताना सात नंबरच्या कडेचा रंगाचा एक पापुद्रा नखानं निघाला. तो वहीत ठेवला. सोमवारी कॉलेज सुटल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली त्याची कड उभी धरून बघितली. लाल, मग गाळाची बारीक काळी रेघ, मग पुन्हा लाल. एका वर्षी लाल मिळाला नसावा, गेरू होता. सगळ्यात खालचा थर पातळ, घाईनं मारलेला, तो माझा. त्यावर अकरा. शेवटचा जाड आणि ओघळलेला. मी दोनदा मोजले. राग असा दरसाल तेल कालवून कुणी लावत नाही, एवढं माझ्यासारखीलाही कळतं. बारा वर्षं ज्या प्रश्नाला मी घाबरत होते त्याचं उत्तर आठव्या पायरीवर वाळत होतं, आणि ते बघायला वर्षातून एकदा आठ पायऱ्या उतरायचं तेवढं काम होतं.

काल रविवारी पुन्हा गेले. गाडीवर आता छत्रपती संभाजीनगर लिहिलेलं असतं, काकू मात्र अजून "औरंगाबादची गाडी आली का" असंच विचारते. आप्पांच्या गोठ्यात डालड्याचा डबा होता, कुंचला त्यातच ताठरला होता. रॉकेलात भिजवला, नवा रंग कालवला. एक, दोन, मग तीन. तीनमधल्या सालीला हात लावला नाही. कात्री नाही, ब्लेड नाही, चिमूटही नाही. आकडे मी माझ्या पद्धतीनं काढायला गेले आणि थांबले. आप्पांचा चार होता तसाच गिरवला.

काकूनं वरून हाक दिली, "झालं का गं?"

"वाळायचाय," मी म्हटलं.

वर चढून आले, आप्पांच्या पायरीवर बसले. दुपारची गाडी कितीला आहे हे मला माहीत होतं. ती जाऊ दिली.